दुसऱ्याच्या गाठीला हात

बाबा,

तुम्ही कधी पडला नाहीत, हे मला आठवड्यातून एकदा तरी ऐकवलं जातं. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, तरी ऐकवलं जातं. ठाण्यात जिथे जिथे इमारतीला बाहेरून रंग द्यायचं काम चालतं, तिथे तुमच्या हाताखालून गेलेला एखादा जुना रंगारी निघतोच, आणि मी सेफ्टी बेल्ट घाला म्हटलं की तो मान तिरकी करून म्हणतो, "मॅडम, तुमच्या वडिलांनी तीस वर्षं झुल्यावर काढली. अंगाला सुतळीसुद्धा बांधली नाही. कधी पडले का?" नाही पडले. कोपरच्या घरात, खुर्चीत बसून, अर्धा कप चहा बाकी असताना गेलात. माझी त्यामुळे पंचाईत झाली आहे. तुम्ही एकदा जरी पडला असतात, पहिल्या मजल्यावरून, नुसता पाय मोडून घेतला असतात, तर माझं काम किती सोपं झालं असतं. मुलीने बापाला असं लिहू नये, मला कळतं. पण आज मी तुमची मर्जी राखायला बसलेली नाही, भांडायला बसले आहे. तुम्ही होतात तेव्हा हे भांडण कधी पुरं झालं नाही, कारण आई दर वेळी मध्ये यायची आणि दोघांना जेवायला वाढायची.

माझ्या कामाला तुम्ही "तुझी ती पट्ट्यांची नोकरी" म्हणायचात. ठाण्याला सेफ्टीच्या कोर्सला मी नाव घातलं तेव्हा तुम्ही इतके हसलात की तुम्हाला खोकला लागला. "न पडण्याचा कोर्स! अगं, हे काय शिकवायचं असतं?" मग ते जिन्यात भेटेल त्याला सांगत सुटलात, आणि महिनाभर शेजारचे मला "काय, आज कुठून नाही पडलीस?" असं विचारायचे. डोंबिवलीतल्या एका सोसायटीच्या सेक्रेटरीने काम देताना तुमच्या हातात दोन नवेकोरे बेल्टही ठेवले होते, आठवतं? तुम्ही ते मान लववून घेतलेत, घरी आणलेत, आणि आईने त्यांनी माळ्यावरच्या गाद्या बांधून टाकल्या. मी बारावीत जाईपर्यंत आपल्या गाद्या अत्यंत सुरक्षित होत्या. एकही पडली नाही.

पण बेल्टचं मी सोडून देते. तुमच्या काळात तो कुणीच घालत नव्हतं, एकट्या तुम्हाला का बोलू? माझं भांडण गाठीवरून आहे. तुमच्या माणसांचा एक रिवाज होता. ज्याने झुल्यावर, म्हणजे दोराने टांगलेल्या फळीवर, बसून खाली उतरायचं, त्यानेच आपला दोर गच्चीवरच्या टाकीच्या खांबाला बांधायचा. बांधून झालं की गाठीला हात लावून तो कपाळाला लावायचा. तेवढं झालं की ती गाठ त्याची. मग तिला दुसऱ्या कुणाचा हात लागता कामा नये. ओढून बघायचं नाही, चाचपायचं नाही, तिच्याकडे टक लावूनही बघायचं नाही. बघितलं तर त्याचा अर्थ, तुला बांधता येत नाही असं मला वाटतं. किंवा त्याहून वाईट, तू पडावंस असं माझ्या मनात आहे. गच्चीवर चार माणसं असायची, चार गाठी असायच्या, आणि चौघेही तीन गाठींकडे पाठ करून उभे राहायचे. तुम्ही याला इज्जत म्हणायचात.

मी बारा वर्षांची आहे. मे महिन्याची सुट्टी आहे आणि मी तुमचा डबा घेऊन चार जिने चढून गच्चीवर आले आहे. तुम्ही कठड्यापाशी वाकून रंगाची बादली खाली सोडताय, पाठ माझ्याकडे. टाकीच्या खांबाला तुमचा दोर आहे. मला त्यात काय वाटलं देव जाणे, मी डबा खाली ठेवून ती गाठ दोन्ही हातांनी धरली आणि पाठीमागे रेलून ओढली. घट्ट आहे का, एवढंच बघायचं होतं. तुम्ही वळलात. त्याआधी आणि त्यानंतर तुम्ही मला कधी मारलं नाहीत, त्या दिवशी मारलंत. "माझ्या गाठीला हात लावायचा नाही. बापावर शंका घेतेस?" मग तुम्ही ती गाठ सोडलीत. पुरी सोडलीत, दोर उलगडलात, झटकलात आणि पहिल्यापासून परत बांधलीत, सावकाश, एकेक वेढा. मी गाल धरून बघत होते. डबा निवला. तुम्ही जेवलात तेव्हा माझ्याकडे बघितलं नाहीत, आणि डब्यातली लसणाची चटणी मात्र माझ्यासाठी ठेवून दिलीत. तुमची माफी मागायची हीच पद्धत होती. मी ती चटणी खाल्ली, पण बाबा, माफ नाही केलं.

त्यानंतर तीन वर्षांनी विठ्ठलवाडी झाली. तुम्ही या विषयावर कधी बोलला नाहीत, म्हणून मीच लिहिते. स्टेशनजवळची साधी चार मजली इमारत. गच्चीवर तुम्ही तिघे होतात. तुम्ही, तुमचे जोडीदार, आणि तेव्हा पंचविशीतले ते शिकाऊ रंगारी, मी काका म्हणते ते, ज्यांना तुम्ही हाताला धरून काम शिकवत होतात. जोडीदारांची गाठ साडेअकराला सरकली आणि ते तिसऱ्या मजल्यावरून खाली वाळूच्या ढिगाच्या काठावर आले. ढिगावर आले असते तर वेगळी गोष्ट होती. जीव वाचला, कंबर गेली. संध्याकाळी तुम्ही घरी आलात, हातपाय न धुता स्वयंपाकघरात पाटावर बसलात. मी बाहेरच्या खोलीत अभ्यासाला बसलेय, मधला पडदा आहे, आई भाकऱ्या थापायची थांबली आहे. तुम्ही म्हणालात, "मला सकाळीच दिसलं होतं. शेवटचा वेढा आत घेतला नव्हता." आई म्हणाली, "मग बोलला का नाहीत?" आणि तुम्ही म्हणालात, "त्याची गाठ. मी कसा बोलू?"

आईने तव्यावरची भाकरी उलटली. मी मात्र त्या क्षणी तुमच्यावर जी चिडले ती आजवर चिडलेलीच आहे. तीन वर्षांपूर्वी मला मारलंत ते विसरता आलं असतं. पण एका माणसाचा आयुष्यभराचा मित्र सकाळी त्याची अर्धवट गाठ बघतो आणि त्याच्या मानाला धक्का लागू नये म्हणून मान फिरवतो, हे मला अजून गिळता येत नाही. जोडीदार पुढे गावी गेले, पडवीतल्या खाटेवर बारा वर्षं काढली. तुम्ही दर गणपतीला जाताना त्यांना शर्टाचं कापड नेत होतात. मी एकदा तुमच्याबरोबर आले होते. तुम्ही खाटेच्या पायथ्याशी बसून पावसापाण्याच्या गप्पा मारल्यात आणि सगळा वेळ त्यांच्या उशीकडे बघत होतात. त्यांनी तुम्हाला कधी विचारलं नाही, कारण त्यांना माहीतच नव्हतं. तुम्ही सांगितलंच नाहीत. चुकलात, बाबा. सरळ चुकलात, आणि हे तुम्हाला तोंडावर सांगायची हिंमत मला तुम्ही असताना झाली नाही, ही माझी चूक.

एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूने लिहिली पाहिजे, नाहीतर भांडण एकतर्फी होईल. मला पहिली नोकरी लागली तेव्हा तुम्ही माझं पांढरं हेल्मेट मागून घेतलंत आणि रविवारभर बसून त्यावर बारीक ब्रशने माझं नाव लिहिलंत. निळ्या रंगात, सावली देऊन, दुकानाच्या पाटीवर असतं तसं. पुढे "मॅडम" लिहिलंत. माझ्या कोर्सला खोकला लागेपर्यंत हसणाऱ्या माणसाने लिहिलं होतं ते. आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, बाबा, हेल्मेटला रंग लावत नाहीत, रंगातल्या थिनरने प्लास्टिक ठिसूळ होतं, हे आता घालता येणार नाही. तुम्ही ब्रश पुसत म्हणालात, "म्हणजे आता माझा रंगसुद्धा चुकला." त्यानंतर तुम्ही चारच महिने होतात. मला त्याचं वाईट वाटतं, फार वाटतं. पण आज परत तसंच झालं तर मी परत तेच बोलेन. फक्त आधी नाव डोळे भरून बघून घेईन.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते. काकांची आणि माझी गाठ या वर्षी एकाच साइटवर पडली. घोडबंदरच्या बाजूला बावीस मजली इमारत आहे, मी तिथे सेफ्टी बघते आणि ते अठरा रंगाऱ्यांचे मुकादम. आता तुमचा फळीचा झुला नाही. लोखंडी पिंजऱ्यासारखा लांबट झुला असतो, तारेवर टांगलेला, मोटरने वरखाली होतो, त्याला क्रेडल म्हणतात. त्यात उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाने बेल्ट घालायचा आणि त्याचा हूक गच्चीवरून वेगळ्या सोडलेल्या दोराला अडकवायचा. क्रेडलला नाही, कारण क्रेडलची तार तुटली तर क्रेडलला अडकवलेला माणूस क्रेडलबरोबरच जातो. हे लहान पोराला समजेल. पण तो दोर काम करताना पायात येतो, म्हणून माणसं हूक हळूच क्रेडलच्या कठड्याला लावतात. बेल्ट तर घातलाय, मग मॅडम कशाला ओरडतील!

गेल्या बुधवारी मी गच्चीवर गेले तेव्हा क्रेडल नुकतंच खाली सुटायच्या बेतात होतं. आतल्या दोघांपैकी एकाचा हूक कठड्याला होता. काका तिथेच, हातभर अंतरावर उभे होते. मी क्रेडल थांबवलं आणि त्यांना विचारलं, "काका, तुम्हाला दिसलं नाही?" ते म्हणाले, "दिसलं." "मग?" त्यांनी खांदे उडवले. "त्याचा बेल्ट. मी कसा बोलू?"

गाठीच्या जागी बेल्ट, बाकी शब्दन् शब्द, बाबा. पडद्याआडून ऐकलेले तुमचे शब्द मला एकोणतीस वर्षांनी घोडबंदरच्या गच्चीवर उन्हात परत ऐकू आले. बेल्ट आला, हूक आला, मोटर आली, आणि तुमचा रिवाज त्या सगळ्याच्या आत जसाच्या तसा राहिला. मी क्रेडलला लाल पाटी लावली आणि काम बंद केलं. सगळ्यांना गोळा करून सांगितलं की आजपासून एकटा कुणी आपला बेल्ट बघणार नाही. शेजारच्याने बघायचा. प्रत्येक बक्कल, प्रत्येक हूक, हाताने ओढून बघायचा आणि मोठ्याने "बघितलं" म्हणायचं. तसं म्हटल्याशिवाय क्रेडलमध्ये पाय ठेवायचा नाही. माणसं हसू दाबत एकमेकांकडे बघायला लागली. काका हसले नाहीत. ते म्हणाले, "माझ्या अंगाला हात लावून मला कोण तपासणार? मी काय चोर आहे? तुझ्या बापाने मला कधी असं तपासलं नाही. सोमवारी हेच असेल तर मी माझी अठरा माणसं घेऊन जातो दुसरीकडे."

प्रोजेक्ट मॅनेजरचा फोन दहा मिनिटांत आला. भला माणूस आहे, फक्त त्याला तारखांची भीती वाटते. "मॅडम, नियम कागदावर ठेवा ना, कोण नाही म्हणतंय? काकांना सांभाळून घ्या. सोमवारी क्रेडल हलायला पाहिजे. नाही हललं तर मला वर सांगावं लागेल, की मॅडम जमत नाहीत." मी म्हटलं, सांगा. आवाज करडा होता. घरचे हप्ते, मुलीचं कॉलेज, सगळं एका झपाट्यात डोळ्यांपुढून गेलं. तरी लाल पाटी काढली नाही. तुमच्याच घरातला हट्ट आहे हा, दुसरीकडून नाही आणलेला.

शनिवारी मी काकांना साइटबाहेरच्या टपरीवर गाठलं. चहा सांगितला. ते बशीत ओतून फुंकर मारत होते, मी थेट विचारलं, "काका, विठ्ठलवाडीला त्या सकाळी तुम्हीही गच्चीवर होतात. ती गाठ तुम्हाला दिसली होती?" त्यांनी बशी खाली ठेवली. टपरीवाल्याने येऊन "काका, चहा बरोबर नाही का?" असं विचारलं. मग ते म्हणाले, "दिसली होती गं पोरी. मी सगळ्यात लहान. तोंड उघडणार होतो. पण तुझ्या बापाने बघितलं आणि मान फिरवली. त्यांनी फिरवली म्हटल्यावर मी कोण बोलणारा?" मला वाटलं होतं, हे ऐकून मी जिंकले असं मला वाटेल. तसं काही वाटलं नाही. तुमची मान फिरलेली मला समोर दिसली. मी एवढंच म्हटलं, "सोमवारी तुमची अठरा माणसं तुमच्या मानेकडेच बघत असतील, काका." ते उठले, चष्मा पुसला, "बघू," म्हणाले आणि बसस्टॉपकडे चालायला लागले. पाठीत थोडे वाकले आहेत आता.

आज सोमवार. सकाळी नऊला सगळे गच्चीवर होते, काका पण. माणसं घेऊन आले होते, पण निघून जायला की कामाला, ते त्यांच्या तोंडावरून कळत नव्हतं. मी ठरवलं होतं की पहिली फेरी माझी. मी बेल्ट घालून क्रेडलपाशी उभी राहिले आणि सगळ्यांसमोर म्हटलं, "काका, माझा बेल्ट बघा." कुणी हललं नाही. काकांनी हात पँटला पुसले. मग आले. खांद्याचे पट्टे बघितले, छातीचं बक्कल स्वतः न ओढता मला ओढून दाखवायला लावलं, पाठीमागे जाऊन हूक धरून दोन हिसके दिले, जोरात दिले, मी मागे झोकांडले. पुढे येऊन खाली बघितलं आणि थांबले. "अगं," ते म्हणाले, "हे काय?" माझ्या डाव्या मांडीचा पट्टा मोकळा लोंबत होता. बक्कल लागलंच नव्हतं. अठरा माणसं बघत होती.

बाबा, तेव्हा माझ्या डोक्यात काय सणक गेली म्हणून सांगू! कान तापले. जिभेवर वाक्य तयार होतं, तुमचंच, तुमच्याच आवाजात, माझ्या बेल्टला हात लावायचा नाही. कसंबसं गिळलं. पट्टा ओढून बक्कल लावलं. काका म्हणाले, "ओढ." ओढलं. "परत ओढ." परत ओढलं. मग ते सरळ उभे राहिले आणि शेवटच्या माणसाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले, "बघितलं!" आणि माझ्यासमोर दोन्ही हात पसरून उभे राहिले, डोळे मिटून, इंजेक्शन घेताना माणूस राहतो तसे. मी त्यांचा एकेक पट्टा बघितला. साडेनऊला क्रेडल खाली सुटलं. त्यानंतर दिवसभर गच्चीवर "बघितलं, बघितलं" चाललं होतं. थोडी चेष्टा होती त्यात, चालायचंच.

दुपारी मॅनेजरचा फोन आला. "मॅडम, काय डोकं लावलंत! पट्टा मुद्दाम मोकळा सोडलात, काकांना मान दिलात, सगळा ताप एका झटक्यात गेला." रंगारीही तेच म्हणत होते. जाताना काका माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "मला कळलं हो. तुझ्या बापाला हे नसतं सुचलं." मी हसले. हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. उद्या सगळ्या साइटभर ही गोष्ट होईल आणि ती माझ्या हुशारीची गोष्ट असेल.

मी पट्टा मुद्दाम सोडलेला नव्हता. साइटवर बायकांचं बाथरूम पार दुसऱ्या टोकाला, गेटजवळ आहे, आणि बेल्ट घातल्यावर बाईला मांडीची दोन्ही बक्कलं सोडल्याशिवाय जाता येत नाही. मी पावणेनऊला जाऊन आले. उजवं बक्कल लावलं आणि फोन वाजला, मॅनेजरचाच, "मॅडम, काका आलेत का?" डावं राहिलं. तशीच लिफ्टने वर आले आणि अठरा माणसांसमोर ताठ उभी राहिले. काकांनी खाली बघितलं नसतं तर तशीच क्रेडलमध्ये चढले असते, बावीस मजल्यांवर. हे नवऱ्याला सांगितलं नाही, मुलीला नाही, काकांना तर नाहीच. तुम्हाला सांगितलं तर ते कुठे जायचं नाही, म्हणून हा कागद, आणि तोही मी उद्या फाडून टाकीन. नियम माझा आहे आणि तो बरोबर आहे, त्यावर मी तुमचं एक अक्षर ऐकून घेणार नाही. पण तो मला स्वतःलाही लागतो, असं आज सकाळपर्यंत माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं.